ऑफिसचे जुने कॉम्प्युटर काढायचेत? मग कुणाला द्यायचे आणि कागद कुठले घ्यायचे ते बघा

मार्चएंड आला की ऑडिटवाला स्टोअररूम उघडायला लावतो आणि आत काय तर जुने सीपीयू, दोन-तीन जाडे मॉनिटर, बंद पडलेला यूपीएस, चार्जरचा गुंता, कोपऱ्यात ट्यूबलाइट. मग ॲडमिनमधलं कुणीतरी नेहमीच्या भंगारवाल्याला फोन लावतं, कारण तो तासाभरात टेम्पो घेऊन येतो, रोख देतो आणि काही विचारत नाही. छोट्या-मध्यम कंपन्यांत सर्रास असंच चालतं आणि हेच थांबायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी नियम. सध्या लागू आहेत ते ई-कचरा (व्यवस्थापन) नियम 2022, जे 1 एप्रिल 2023 पासून अमलात आले. हे मुद्दाम सांगतोय कारण नेटवर अजून 2016 च्या नियमांवरचेच लेख वर येतात, फॉर्म 2 ठेवा, फॉर्म 3 भरा वगैरे, आणि लोक त्याच्यामागे वेळ घालवतात. जुन्या यादीत 21 वस्तू होत्या, आता 106 आहेत. म्हणजे कॉम्प्युटर, फोन, प्रिंटर, एसी, फ्रीज तर आहेतच पण राउटर, मोडेम, यूपीएस, स्कॅनर, लॅबमधली उपकरणं, मेडिकल मशिन्स आणि सोलर पॅनलसुद्धा आले.

कंपनीने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे आपण 'बल्क कन्झ्युमर' आहोत का. आर्थिक वर्षात कधीही, एका वेळी, यादीतली किमान 1000 उपकरणं वापरात असतील तर तुम्ही त्यात बसता. हजार म्हटलं की लोक म्हणतात छे, आपल्याकडे दीडशे तर माणसं. पण मोजायला बसा. दीडशे लॅपटॉप, तेवढेच मॉनिटर, डेस्कफोन, कंपनीने दिलेले मोबाइल, प्रिंटर, एसी, आणि छतावरच्या ट्यूबलाइट, कारण पारा असलेल्या ट्यूब आणि सीएफएलही यादीत आहेत! जुन्या इमारतीत नुसत्या ट्यूबच काही शे निघतात. ॲसेट रजिस्टर, इलेक्ट्रिशियनचा हिशोब आणि आयटीची लिस्ट एकत्र ठेवून मोजलं तरच खरा आकडा कळतो.

बल्क कन्झ्युमर असाल तर नियम एका वाक्याचा आहे, तुमचा ई-कचरा फक्त नोंदणीकृत प्रोड्युसर (म्हणजे आपल्या ब्रँडखाली माल बाजारात आणणारी कंपनी), रिफर्बिशर (जुना माल दुरुस्त करून वापरात आणणारा) किंवा रिसायकलर यांनाच द्यायचा, बाकी कुणालाही नाही. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याखाली 'सूक्ष्म' म्हणजे मायक्रोमध्ये मोडणाऱ्या उद्योगांना हे नियम लागू नाहीत. पण मला विचाराल तर मायक्रो असा नाहीतर हजाराच्या खाली असा, माल रजिस्टर्ड माणसालाच द्या. भंगारवाला जास्त भाव कसा देतो याचा विचार केलाय का कधी? कारण पुढचा खर्च तो करतच नाही. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, सर्किट बोर्डवरचं सोनं काढायला ॲसिडमध्ये बुडवतात, जाड्या मॉनिटरच्या काचेतलं शिसं तिथेच मातीत जातं, आणि हे काम करणाऱ्यांच्या हातात धड ग्लोव्हजसुद्धा नसतात. तुम्हाला किलोमागे मिळालेले जादा पैसे त्यांच्या फुप्फुसातून आलेले असतात, मला तरी हे पटत नाही.

आता रजिस्टर्ड म्हणजे कोण, इथेच खरी फसगत होते. एखादा एजंट गुळगुळीत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट दाखवतो, वर प्रदूषण नियंत्रण मंडळाचा लोगो, आणि आपण खूश. ते सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे, कुठल्या पत्त्याचं आहे आणि मुदत कधीपर्यंत आहे हे तिन्ही वाचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) पोर्टलवर रिसायकलरचं नाव शोधून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. 2022 च्या नियमांत नोंदणी चारच प्रकारची, मॅन्युफॅक्चरर, प्रोड्युसर, रिफर्बिशर, रिसायकलर, त्यामुळे 'आमच्याकडे कलेक्शन सेंटरचा जुना परवाना आहे' एवढ्यावर माल सोडू नका. एजंट मध्ये असेल तर असू दे, पण बिल आणि पावती रिसायकलरच्या नावानेच हवी. आणि शक्य असेल तर एकदा प्लांट बघून या, खरा प्लांट असेल तर कुणी नाही म्हणत नाही.

माल जायच्या आधी तीन गोष्टी वेगळ्या काढा. एक, बॅटऱ्या. यूपीएसचा डबा ई-कचऱ्यात जातो पण आतली बॅटरी बॅटरी कचरा नियम 2022 खाली येते, तिचा मार्ग वेगळा. फुगलेली लिथियम बॅटरी दिसली तर दाबू नका, टोचू नका, बाकी ढिगापासून लांब ठेवा, आग लागते. दोन, ट्यूब आणि सीएफएल, फुटणार नाहीत अशा खोक्यात. तीन, भाड्याची मशिन्स आणि ड्युटी न भरता आणलेला माल, म्हणजे लीजवरचे लॅपटॉप लीजवाल्याचे असतात, आणि एसटीपीआय (सॉफ्टवेअर पार्क) किंवा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) मधलं युनिट असेल तर आधी डीबाँडिंगची, म्हणजे माल ड्युटीच्या सवलतीतून बाहेर काढायची परवानगी, नाहीतर कस्टम्सचा वेगळाच ताप होतो.

डेटाचं तर विचारूच नका. फॉरमॅट मारला म्हणजे पुसलं असं नसतं, साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाइली परत येतात. साध्या हार्डडिस्कला डीगॉसर (जोरदार चुंबकाने डेटा पुसणारं यंत्र) चालतो, पण एसएसडीवर चुंबकाचा काहीही उपयोग नाही, तिथे क्रिप्टो इरेज (डेटा उघडायची किल्लीच पुसून टाकणं) किंवा सरळ श्रेडिंग, म्हणजे तुकडे करणं. आणि मोठं झेरॉक्स मशिन! बऱ्याच मशिन्समध्ये आत हार्डडिस्क असते, त्यात स्कॅन केलेली आधार कार्डं, सॅलरी स्लिपा सगळं राहू शकतं, ती कुणाच्या लक्षातच नसते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची काळजी न घेतल्यास दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे डिस्क काढून, सिरियल नंबर लिहून, शक्यतो आपल्या आवारातच नष्ट करून घ्या.

उचलायच्या दिवशी वजनकाट्याची पावती, चलन, बिल, वस्तूंची यादी सिरियल नंबरसकट आणि गाडीचा नंबर, एवढं फाइलला लावा. नंतर रिसायकलिंगचं आणि डेटा नष्ट केल्याचं सर्टिफिकेट मागवून घ्या, त्यातलं वजन काट्याच्या पावतीशी जुळतंय का बघा. तारीख लांबली तर पाठपुरावा सोडू नका. कारखान्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेंट, म्हणजे संमतीपत्र असेल तर त्यातल्या अटीही वाचा, तिथे ई-कचऱ्याबद्दल वेगळं काही लिहिलेलं असू शकतं. नियम मोडला तर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दंड 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत आहे.

चालणारी मशिन्स मात्र कचरा नाहीत. डेटा नीट पुसून गावच्या शाळेला द्या, देणगीचं पत्र घ्या, आणि जी चालत नाहीत ती शाळेच्या गळ्यात मारू नका, त्यांच्याकडे ती टाकायची सोय आपल्याहून कमी असते. आणि पुढच्या वेळी नवे लॅपटॉप घेताना पर्चेस ऑर्डरमध्येच जुने परत घेण्याची अट टाका, खरेदीच्या वेळी विक्रेता जितकं ऐकतो तितकं नंतर ऐकत नाही.