टीएनएफचा सिग्नल पेशी स्वतः बंद कसा करते, ते ब्लॉटवर कसं पकडायचं

नागपुरात एमएस्सी करून राहिलेल्या पोरापोरींना एनएफ-कप्पा-बी (जीन्स चालू करणारं प्रोटीन) चालू कसा होतो ते तोंडपाठ असतं, बंद कसा होतो विचारलं की गाडी अडते, आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथंच आहे.

थोडक्यात असं, एरवी आयकेबी-अल्फा नावाचं प्रोटीन एनएफ-कप्पा-बीला सायटोप्लाझममध्ये अडकवून ठेवतं. टीएनएफ (सूज आणणारं सिग्नल प्रोटीन) लागला की आयकेके किनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) आयकेबी-अल्फाच्या 32 आणि 36 नंबरच्या सेरीन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट लावतं, मग प्रोटीयासोम (पेशीतली प्रोटीन तोडायची यंत्रणा) ते प्रोटीन संपवतं, मोकळा झालेला एनएफ-कप्पा-बी न्यूक्लियसमध्ये जाऊन जी जीन्स चालू करतो त्यात आयकेबी-अल्फाचंच जीन असतं! नवीन बनलेलं आयकेबी-अल्फा आत शिरतं, त्याला डीएनएवरून सोडवतं अन् सायटोप्लाझममध्ये परत आणतं.

हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखायची पद्धत) बघायला हेला पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या पेशी) घ्या, टीएनएफ 10 नॅनोग्रॅम प्रति मिली, वेळा 0, 5, 15, 30, 60, 120 मिनिटं. टीएनएफ सगळ्यांना एकदम टाकू नका, 120 वाल्या प्लेटला सगळ्यात आधी, 5 वालीला शेवटी, म्हणजे सगळ्या प्लेटा एकाच वेळी बर्फावर येतात. मे महिन्यात इथं पारा 45 ला टेकतो, बर्फ बघता बघता पाणी होतो, म्हणून पीबीएस (पेशी धुवायचं खारं द्रावण) आणि लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) आधीच थंड करून ठेवा, बफरमध्ये प्रोटीएज अन् फॉस्फटेज दोन्ही इनहिबिटर हवेतच.

आयकेबी-अल्फाचा बँड साधारण 37 ते 39 किलोडाल्टनला दिसतो. लोडिंग कंट्रोलला (सगळीकडे प्रोटीन सारखंच भरलंय ना हे दाखवणारा बँड) अ‍ॅक्टिन नको, ते 42 ला म्हणजे फारच जवळ, ट्युब्युलिन घ्या. 15-30 मिनिटांत बँड जवळपास गायब, तासाभरात परत हजर.

आता परत आलेलं प्रोटीन नवीनच आहे हे कशावरून? तर दुसऱ्या सेटला अर्धा तास आधी सायक्लोहेक्झिमाइड द्या (विषारी आहे, ग्लोव्हज घालाच), प्रोटीन बनणं थांबतं आणि बँड परत येतच नाही. पण हा सेट दोन तासांपुढे नेऊ नका, टीएनएफसोबत ते दिलं की हेला पेशी मरायला लागतात, मग ब्लॉट नेमकं काय दाखवतोय ते कळत नाही.

आणि हा एकच ब्रेक नाही बरं का, ए20 नावाचं प्रोटीन टीएनएफच्या रिसेप्टरपाशीच सिग्नल पुढे नेणाऱ्या युबिक्विटिनच्या साखळ्या तोडतं, आणि इंटरफेरॉन या दुसऱ्या सिग्नलच्या बाजूला सॉक्स-1 हे प्रोटीन जॅक किनेजला अडवतं. सॉक्स-1 नसलेली उंदराची पिल्लं तीन आठवड्यांतच मरतात. ए20 बघायचं असेल तर 2 ते 4 तासांचे पॉइंट वाढवा, फक्त सायक्लोहेक्झिमाइड न दिलेल्या सेटमध्ये.