माउंटन बाइक स्मार्ट ट्रेनरवर बसवताना: ॲक्सल, फ्रीहब आणि बाकीच्या कटकटी

आधी ट्रेनर, म्हणजे सायकल जखडून घरातच पेडल मारायचं आणि ॲपला जोडायचं यंत्र, मागवायचा आणि खोकं उघडल्यावर सायकल बसत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, हा प्रकार माउंटन बाइकवाल्यांच्या बाबतीत फार होतो. बहुतेक स्मार्ट ट्रेनर रोड बाइक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. म्हणून पैसे भरण्याआधी मागचं चाक काढा, पट्टी घ्या आणि तीन गोष्टी कागदावर लिहा: दोन ड्रॉपआउटमधलं (फ्रेमच्या ज्या खाचांत चाक बसतं त्यांच्यामधलं) अंतर, ॲक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) प्रकार आणि कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, ज्यावर बसते त्या फ्रीहबचा प्रकार. वॅटची अचूकता, चढाची टक्केवारी वगैरे नंतर बघता येईल.

चाक ठेवायचं की काढायचं

व्हील-ऑन ट्रेनरमध्ये मागचं चाक जागेवरच राहतं आणि टायर रोलरवर टेकतो. स्वस्त पडतो, पण माउंटन बाइकसाठी हा सौदा फारसा बरा नाही. गुठळ्यांचा टायर फिरताना प्रत्येक गुठळी रोलरवर आपटते आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन वर येतात. रबर तापून झिजतं, जोर लावला की टायर घसरतो आणि मग पडद्यावरचे वॅटही खोटे.

म्हणजे गुळगुळीत टायर लागणारच. २९ इंची चाक आणि रोड बाइकचं ७०० सी चाक, दोन्हींच्या रिमचा व्यास ६२२ मिमी. त्यामुळे रोड बाइकचा ट्रेनर टायर चालेल असं वाटतं. व्यास जुळतो, रुंदी जुळत नाही. माउंटन बाइकची रिम आतून २५ ते ३० मिमी रुंद असते, तिच्यावर २५ किंवा २८ मिमीचा टायर चढवणं धोक्याचं आहे. दोन इंचांच्या आसपासचा स्लिक घ्या आणि एवढा मोठा टायर तुमच्या ट्रेनरला चालतो का ते माहितीपत्रकात बघा. सायकलला थ्रू-ॲक्सल (फ्रेममधून आरपार घालून आट्यांनी आवळायचा जाड दांडा) असेल तर ट्रेनरच्या चिमट्यात बसणारा वेगळा ॲक्सलही लागतो. तो घेताना आटे जुळले पाहिजेत: १२ मिमी ॲक्सलचे आटे १.०, १.५ आणि १.७५ मिमी अशा तीन अंतरांत येतात.

एवढं सगळं करण्यापेक्षा थोडे पैसे साठवून डायरेक्ट ड्राइव्ह घेतलेला बरा. त्यात मागचं चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर बसते. पुढचं सगळं त्याच प्रकाराबद्दल आहे.

ॲक्सल

जुन्या आणि साध्या माउंटन बाइकला मागे १३५ मिमी अंतर आणि क्विक रिलीज (लिव्हरने आवळायची बारीक सळई) असतं. त्याचे एंड कॅप (ट्रेनरच्या दोन्ही टोकांना लावायच्या टोप्या) ट्रेनरबरोबर येतातच. नट आवळायच्या साध्या ॲक्सलची सायकल असेल तरी घाबरू नका. ड्रॉपआउटची खाच १० मिमीची आणि अंतर १३५ असेल तर क्विक रिलीजचेच कॅप तिथे बसतात.

त्यानंतर १२×१४२ (१२ मिमी जाड, १४२ मिमी अंतर) थ्रू-ॲक्सल. याचेही कॅप बहुधा खोक्यात असतात. खरी गोची होते ती १२×१४८, म्हणजे बूस्ट फ्रेमची. बूस्टचे कॅप बऱ्याच ट्रेनरना वेगळे विकत घ्यावे लागतात. १४२ आणि १४८ मधला ६ मिमीचा फरक दोन्ही बाजूंना ३-३ मिमी वाटलेला असतो, म्हणून कॅपही दोन्ही बाजूंचे बदलावे लागतात. एकाच बाजूला वॉशर कोंबून काम भागवलं तर कॅसेट सरकलेली राहते, गिअर जागेवर पडत नाहीत. आणि वॉशर न घालता ॲक्सल आवळून फ्रेम ६ मिमी आत ओढणं तर कधीच नको, कार्बन फ्रेमला तर मुळीच नाही. अंतर १५७ असेल तर ट्रेनर ठरवण्याआधी कॅप मिळतात की नाही ते पक्कं करा.

कॅसेट: इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

ट्रेनरवर साधारणपणे शिमानोच्या एचजी प्रकारचा, ११ स्पीड रोड कॅसेटच्या लांबीचा फ्रीहब असतो. त्यावर ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट बसवायची तर आधी १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ कडी) टाकावा लागतो. ११ स्पीडच्या माउंटन कॅसेटलाही, म्हणजे ११-४२, ११-४६, ११-५१ (सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चकतीचे दात) वगैरे, हाच स्पेसर लागतो, कारण त्या जुन्या १० स्पीडच्या लांबीच्या फ्रीहबसाठी बनवलेल्या असतात. ‘आपली ११ स्पीड, ट्रेनरही ११ स्पीड’ असं समजून स्पेसर खोक्यातच राहतो. मग लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी बाहेरची कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट हाताने हलते. ती हलत असेल तर स्पेसर राहिलाय, हे नक्की.

७ स्पीडच्या स्वस्त सायकलींना कॅसेट नसतेच. हबवर आट्यांनी फिरवलेला फ्रीव्हील असतो. तो ट्रेनरवर येत नाही. वेगळी ७ स्पीड कॅसेट घ्या आणि खाली ४.५ मिमीचा स्पेसर अधिक १.८५ चा स्पेसर टाका. ७ स्पीड कॅसेट मिळेना तर ८ स्पीडची चालवून घेता येते. दोन चकत्यांमधलं अंतर ५.० ऐवजी ४.८ मिमी असतं, त्यामुळे मधले गिअर नीट लावले की टोकाचे थोडे कुरकुरतात. ट्रेनरवर मधलेच वापरायचे असतात, तेव्हा हे खपून जातं.

१२ स्पीडला मात्र लक्ष द्या. शिमानोची १०-५१ कॅसेट मायक्रोस्प्लाइन फ्रीहबवर बसते, स्रॅमची १० दातांपासून सुरू होणारी ईगल एक्सडी फ्रीहबवर. एचजीवर दोन्ही बसत नाहीत. मार्ग दोन: तुमच्या ट्रेनरसाठी कंपनीचा तो फ्रीहब मिळत असेल तर तो घ्या, नाहीतर ११ दातांपासून सुरू होणारी, एचजीवर बसणारी १२ स्पीड कॅसेट घ्या. स्रॅमची एनएक्स ईगल ११-५० अशीच आहे. ट्रेनरवर ठेवायला महागडी हलकी कॅसेट घेण्यात काही अर्थ नाही. इथे वजन कुणी मोजत नाही.

घरात पडलेली रोडची ११-२८ कॅसेट टाकायचा मोह टाळा. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) चकत्यांपासून किती लांब राहील ते ठरवणारा सायकलचा बी-स्क्रू ५०-५१ दातांच्या चकतीसाठी लावलेला असतो. लहान कॅसेटवर डिरेलर फार लांब राहतो आणि गिअर आळसावून पडतात. स्पीड तेवढेच आणि दातांची व्याप्ती साधारण तीच ठेवली तर चाक काढा-घालायचा खेळ दरवेळी गिअर न जुळवता होतो. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळा.

सायकल चढवताना

गिअर सगळ्यात लहान चकतीवर आणा, डिरेलरला क्लच (चेन ताणून धरणारी कळ) असेल तर तो बंद करा, मग चाक काढा. चाक निघाल्याबरोबर मागच्या ब्रेक पॅडमध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा घाला. तो हरवला असेल तर २ मिमी जाडीचा घडी केलेला पुठ्ठा चालेल, रबरबँडने बांधून टाका. हायड्रॉलिक ब्रेक असताना डिस्कशिवाय लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि नंतर डिस्क आत शिरत नाही. घरात लहान मुलं असतील तर हा पुठ्ठा विसरूच नका.

सायकल ठेवली की ॲक्सल आवळण्याआधी डावीकडे वाकून बघा. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) किंवा चेनस्टे (फ्रेमची मागची खालची नळी) ट्रेनरच्या अंगाला टेकतोय का? बोटभर नाही, पण दोन-तीन मिमी तरी मोकळी जागा हवी. उजवीकडे मोठी चकती कुठे घासत नाही ना, तेही हाताने पेडल उलटं फिरवून बघा. मग थ्रू-ॲक्सल त्यावर छापलेल्या मापाइतका आवळा.

आता उंची. २९×२.२५ टायरच्या चाकाची त्रिज्या जवळपास ३६८ मिमी भरते. रोडच्या ७०० सी चाकाची ३३५ ते ३४० च्या दरम्यान. उंची बदलता न येणाऱ्या ट्रेनरवर तुमची सायकल मागच्या बाजूला तीन सेंटिमीटर खाली बसते, सीटचं नाक वर होतं आणि अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. पुढच्या चाकाखाली ठेवायचा ठोकळा इथे उलटाच परिणाम करतो; उचलायचं आहे ते मागचं टोक. १८ मिमी प्लायवूडचे दोन तुकडे एकमेकांना स्क्रूने जोडून ट्रेनरखाली घ्या. ट्रेनरचे सगळे पाय पूर्ण त्यावर बसले पाहिजेत आणि वरून रबरी मॅट हवी, नाहीतर उभं राहून पेडल मारताना सगळं डुलेल. २७.५ इंचीला हा फरक सेंटिमीटरभराचा, तेवढा चालतो.

फोर्क आणि मागचा शॉक लॉक करा. लॉकआउट नसेल तर शॉक पंपाने हवा वाढवा, पण शॉकवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आतच, आणि आधीचा आकडा लिहून ठेवा. फुल सस्पेन्शन किंवा कार्बन फ्रेम असेल तर वॉरंटीत ट्रेनरचा वापर बसतो का ते वाचा.

गिअर, वेग आणि वॅट

पुढे ३२ दात असताना वेग कमी पडेल ही भीती अनेकांना असते. झ्विफ्ट किंवा मायवूशसारख्या ॲपमधला वेग वॅट, वजन आणि चढावरून ठरतो, गिअरवरून नाही. अडचण फक्त उतारावर येते: ३२×११ (पुढे ३२ दात, मागे ११) वर ९० आरपीएमला (पेडलचे मिनिटाला ९० फेरे) ट्रेनरचं चाक ताशी ३३ किमीच्या आसपास फिरतं, त्यापुढे पाय हवेत फिरतात. ट्रेनर डिफिकल्टी (ॲपमधला चढ-उतार पायांना किती जाणवावा याची सेटिंग) कमी केली की हे बरंच आटोक्यात येतं.

ठरलेले वॅट धरून ठेवणाऱ्या अर्ग मोडमध्ये ३२×१५ च्या आसपास राहा. चेन फार तिरकी होत नाही, आवाज कमी येतो. ३२×५१ वर अर्ग लावू नका: ९० आरपीएमला चाक ताशी ७ किमीनेच फिरतं, आणि एवढ्या कमी वेगाला बऱ्याच ट्रेनरना मोठा विरोध देताच येत नाही.

पंखा छताचा पुरत नाही. समोरून छातीवर वारा देणारा उभा पंखा हवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात घाम वाळत नाही, तो टपटप स्टेमच्या बोल्टवर आणि हेडसेटवर पडतो. हँडलवर टॉवेल घाला आणि उतरल्यावर बोल्ट कोरड्या फडक्याने पुसा.

जोर लावल्यावर टकटक आवाज आला तर आधी लॉकरिंग, मग ॲक्सल बघा. नव्या कॅसेटवर चेन उडी मारत असेल तर दोष बहुधा इंडेक्सिंगचा (गिअर जुळवण्याचा) नसतो, जुनी चेन ताणलेली असते. मापकावर ११-१२ स्पीडची चेन ०.५ टक्के किंवा ८ ते १० स्पीडची ०.७५ टक्के दाखवत असेल तर आधी चेन बदला, मग डिरेलरच्या स्क्रूला हात लावा.