विद्यार्थीकेंद्रित तास प्रत्यक्षात कसा घ्यायचा? शिक्षक होऊ घातलेल्या सगळ्यांसाठी

विद्यार्थीकेंद्रित शिक्षण हा शब्द आपण सगळ्यांनी परीक्षेत व्याख्येसकट लिहिलाय, पण वर्गात उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाला नेमकं काय करायचं हे त्या व्याख्येत कुठेच नसतं. मी अजून शिक्षक व्हायचेय, तयारी चालू आहे, आणि वाचून, सराव पाठ घेऊन, दुसऱ्यांचे तास मागे बसून बघून जे पटलं ते इथे लिहितेय.

बेंच गोलात लावले, भिंतीवर चार्ट लावले, मुलांना गटात बसवलं की झालं असं खूप जणांना वाटतं. मला एकच कसोटी पटते: आत्ता या क्षणी वर्गात डोकं कोण चालवतंय? मी बोलतेय आणि मुलं उतरवून घेतायत, तर बेंच कसेही लावा, तास माझाच आहे. ही कल्पना काही आजची पण नाही, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईंनी १८९६ मध्ये शिकागोत आपली प्रयोगशील शाळा काढली, इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये. आता बदललंय काय, तर तयार उत्तर फोनवर दोन सेकंदात मिळतं, त्यामुळे त्या उत्तरापर्यंत पोचायचं कसं हे मुलाला स्वतःला जमणं जास्तच गरजेचं झालंय.

सुरुवात टाचणापासून, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यापासून करा. आपण टाचणात काय लिहितो, तर मी काय सांगणार, फळ्यावर काय लिहिणार. त्याऐवजी अख्ख्या तासाचा एक मुख्य प्रश्न लिहा आणि त्याखाली मुलं कोणकोणती उत्तरं देतील ते लिहा, चुकीची उत्तरं तर आवर्जून लिहा. उदाहरणार्थ प्रकाशसंश्लेषण शिकवायचंय. व्याख्या सांगायच्या आधी विचारा, एवढंसं रोप वाढून मोठं झाड होतं, मग त्याचं हे सगळं वजन आलं कुठून? बहुतेक मुलं म्हणतील मातीतून, काही म्हणतील पाण्यातून, एखादं म्हणेल उन्हातून, आणि हवेतून असं क्वचितच कोणी म्हणेल. आता लगेच बरोबर उत्तर सांगू नका, व्हॅन हेल्माँटची गोष्ट सांगा. सतराव्या शतकातल्या या शास्त्रज्ञाने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, त्यात ५ पौंडाचं विलोचं रोप लावलं, ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे १६९ पौंडाचं, आणि माती परत वाळवून तोलली तर कमी झाली होती फक्त २ औंस! इथे थांबा आणि मुलांना विचारा, मग आता काय म्हणाल? मातीवाले गडबडतात, पाणीवाले खूश होतात. आणि मग सांगा की खुद्द हेल्माँटनेही पाणी असंच उत्तर काढलं होतं आणि ते अर्धंच बरोबर होतं, झाडाच्या वाळलेल्या भागातला बराचसा माल हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. एवढा विचारी माणूस अर्धवट उत्तरापर्यंत पोचला हे कळलं की आपलं उत्तर चुकलं म्हणून मान खाली घालायची गरज मुलांना उरत नाही, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

चुकीचं उत्तर आलं की "बस खाली, पुढचा" म्हणू नका. १/३ मोठा की १/४ असं विचारलं आणि मूल १/४ म्हणालं तर त्यामागे लॉजिक आहे, ३ पेक्षा ४ मोठे हे त्याला पक्कं माहितीये आणि तोच नियम ते इथे लावतंय. "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारा. मग त्याला एक कागद तीन सारख्या भागांत आणि तेवढाच दुसरा कागद चार भागांत घडी करायला लावा, पुढचं ते स्वतः बोलेल.

प्रश्न विचारला की थांबा. हे वाटतं तेवढं सोपं नाही हं. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या आसपास तासांची रेकॉर्डिंग्ज तपासली तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांब होतात, "माहित नाही" कमी होतं, जास्त मुलं बोलायला लागतात. तर मनात सावकाश तीन मोजा, शांततेला घाबरू नका. आणि हात वर करणाऱ्या त्याच चार मुलांवर तास ढकलू नका, आधी प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची, मग शेजाऱ्याला सांगायची, मग वर्गात बोलायचं. लाजरी मुलं अशानेच बोलती होतात कारण तोपर्यंत हातात काहीतरी लिहिलेलं असतं.

गटकार्य द्यायचं तर असं द्या की एकाशिवाय दुसऱ्याचं अडेल. नाहीतर एक मूल सगळं करतं आणि बाकीचे गप्पा मारतात. मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये सुरू केलेली जिगसॉ पद्धत यासाठी छान आहे, धड्याचे भाग करायचे, गटातल्या प्रत्येकाला एक भाग द्यायचा, तोच भाग मिळालेली वेगवेगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो नीट समजून घेतात आणि मग आपापल्या गटात परत येऊन बाकीच्यांना शिकवतात. गणितातल्या पायरी-पायरीच्या धड्याला मात्र हे वापरू नका, दुसरी पायरी पहिलीशिवाय कळत नाही.

आणि एक गैरसमज, शिक्षकाने समजावून सांगायचंच नाही असं अजिबात नाहीये. अगदी नवीन गोष्ट असेल तेव्हा मुलाला एकट्याने शोध लावायला सोडून देणं हा त्याच्यावर अन्याय आहे असं मला स्पष्ट वाटतं. शिकण्याच्या प्रक्रियेवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांचं काम सांगतं की नवशिक्यांना आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं जास्त उपयोगी पडतात. म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवा, दुसऱ्यात शेवटची पायरी मुलांवर सोडा, तिसऱ्यात अर्धं सोडा, असं करत हळूहळू हात काढून घ्या.

वही तपासताना मार्क आणि शेरा एकत्र देऊ नका. रुथ बटलर या संशोधक बाईंच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेली मुलं पुढे गेली, मार्क आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना तसा फायदा दिसला नाही. "छान" किंवा "प्रयत्न कर" हा शेरा पण धरू नका, पुढे काय करायचं ते लिहा, "दुसऱ्या परिच्छेदात कारण दिलं नाहीयेस, ते एका वाक्यात लिही", आणि ते लिहायला तासातलाच वेळ द्या, नाहीतर कोणी वाचत नाही.

सगळं एकदम सुरू करू नका. पुढच्या तासाला फक्त प्रश्न आणि थांबणं एवढंच घ्या, आणि सोबतच्या एखाद्या मित्रमैत्रिणीला मागे बसवून वर्गाच्या नकाशावर कोणतं मूल किती वेळा बोललं त्याच्या खुणा करायला सांगा. ज्या जागांवर एकही खूण नाही त्या मुलांची नावं पुढच्या टाचणात वर लिहून ठेवा, आणि त्यांच्यासाठीचा प्रश्न आजच तयार करा.