गाजर-टोमॅटो अंगी लागावेत म्हणून
हृदयासाठी म्हणून आपण गाजर-टोमॅटो नुसतेच कच्चे खातो, पण त्यातली बीटा-कॅरोटिन, लायकोपिन ही अँटिऑक्सिडंट्स (पेशींचं नुकसान रोखणारी द्रव्यं) स्निग्धातच विरघळतात. तेलाचा थेंबही नसेल तर बरीचशी वाया जातात.

१. टोमॅटो चिरून चमचाभर तेलात, साल सुटेपर्यंत शिजवा. कडेला केशरी तेल दिसू लागलं की लायकोपिन त्यात उतरलं समजा.
२. कच्चंच आवडत असेल तर वरून थोडं तेल घाला, नाहीतर सोबत चार अक्रोड खा. (तेल चमचाभरच, डावभर नको!)

या अँटिऑक्सिडंट्सच्या गोळ्यांचा शॉर्टकट मात्र नको. त्यांनी हृदयविकार टळत नाही. उलट बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचं १९९४ आणि १९९६च्या मोठ्या चाचण्यांत दिसलं.