उन्हाळ्यात कायोटीसाठी घरचं आमिष : हिंग, मासळीचं तेल आणि जरासं उतरलेलं मांस

शेजारच्या म्हाताऱ्यानं पहिल्यांदा ल्यूरची, म्हणजे जनावराला ओढून आणणाऱ्या वासाची, बाटली माझ्या हातात ठेवली आणि मी झाकण उघडलं, तेव्हा मासळीचं तेल आणि बीव्हरच्या (पाण्याकाठी राहणाऱ्या मोठ्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या) ग्रंथीचा दर्प तर नाकात गेलाच, पण त्याच्या तळाशी एक वास असा होता की मी थेट आजीच्या फडताळापाशी पोचलो. हिंग! कॅन्ससच्या माळरानावर, कायोटी पकडायच्या बाटलीत, आपला आमटीतला हिंग. म्हातारा त्याला 'आसाफेटिडा' म्हणत होता आणि तो कुठल्या तरी झाडाचा चीक असतो एवढंच त्याला ठाऊक होतं. आमच्याकडे तो रोज फोडणीत पडतो म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

मी फ्लिंट हिल्सच्या कडेला राहतो. चाळीसेक शेळ्या आहेत. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड भाऊ समजा : दहा ते वीस किलोचा, बुद्धीनं चलाख, माणसाच्या वाऱ्याला न फिरकणारा. एप्रिल-मेमध्ये त्यांची पिल्लं होतात आणि जूनपर्यंत त्या पिल्लांची तोंडं भरायची असतात. आमची करडं नेमकी तेव्हाच कुरणात बागडत असतात. त्यामुळे कातडीसाठी सापळे लावणाऱ्यांचा हंगाम हिवाळ्याचा असला, तरी शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्याला सापळा (मातीखाली दडवायचा, पाय पकडणारा लोखंडी चाप) लावावा लागतो तो ऐन उन्हाळ्यात. आणि हिवाळ्याचं आमिष उन्हाळ्यात चालत नाही. सगळी गोम इथेच आहे.

आधी कायद्याचं. कॅन्ससमध्ये कायोटी धरायला बारमाही मोकळीक आहे, पण सापळ्यावर नाव-पत्त्याची पट्टी लागते आणि प्रत्येक सापळा रोज बघावाच लागतो. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे, तेव्हा तिथल्या वन्यजीव विभागाला विचारल्याशिवाय काही करू नका. आमिषात विष कालवण्याचा विचारही नको. १९७२ साली निक्सन यांनी केंद्राच्या जमिनींवर शिकारी प्राण्यांना विष घालायला बंदी केली, ती उगाच नाही. त्या विषानं गरुड आणि कुत्रीही मरत होती. योगायोग असा की भारताचा वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच १९७२ सालचा. महाराष्ट्रात कुणी हे वाचून कोल्ह्यासाठी सापळा लावायला निघालं असेल तर तिथेच थांबा. तिकडे तो गुन्हा आहे.

आमिष आणि ल्यूर एक नव्हे

आमिष म्हणजे खायची वस्तू : मांस, मासा. ल्यूर म्हणजे नुसता वास, वाटाण्याएवढा. पोटासाठी येणाऱ्याला आमिष, आणि 'आपल्या हद्दीत हे कोण आलं?' म्हणून चौकशीला येणाऱ्याला ल्यूर. हिवाळ्यात भूक मोठी असते, मांसावर काम भागतं. उन्हाळ्यात कायोटीला उंदीर, ससे, टोळ, तुतीची फळं, झालंच तर कुणाच्या मळ्यातली कलिंगडं, असं सगळं आयतं मिळतं. पोट भरलेल्याला कुजकं मांस कशाला हवं? शिवाय त्या मांसाकडे आधी धावतात स्कंक (डिवचला की घाण वासाचा फवारा मारणारा), रॅकून आणि ओपोसम असले लहान रानप्राणी. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी भरपूर मांस घातलं आणि आठवडाभरात तीन स्कंक धरले. कायोटी शून्य. स्कंक सोडवायचा म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. तो शर्ट मी शेवटी जाळला.

म्हणून उन्हाळ्याचा माझा हिशोब असा : मांस चमचाभर, वास नेमका, आणि दोन्ही जमिनीच्या पोटात.

मांसाचं आमिष

म्हातारा हिवाळ्यात धरलेल्या बीव्हरचं मांस गोठवून ठेवतो, त्यातलं मला देतो. ते नसेल तर सशाचं चालतं. शेळी-मेंढीचं मात्र मी वापरत नाही. ज्या चवीपासून त्याला लांब ठेवायचं तीच आपण वाढायची, हे मला पटत नाही.

किलोभर मांसाची चरबी काढून टाका. चरबी उन्हात खवट होते आणि तो वास कायोटीला नको असतो. उरलेल्याचे अक्रोडाएवढे तुकडे करा. हातमोजे घालूनच, रानातल्या प्राण्यांच्या मांसातून माणसाला लागणारे रोग आहेत, विशेषतः सशाच्या. सुरी, पाट, भांडी सगळं वेगळं ठेवा. मी एकदा मिक्सरकडे नुसतं पाहिलं होतं, तर बायको म्हणाली, "त्याला हात लावलास तर तूही गोठ्यात झोप."

तुकडे काचेच्या बरणीत पाऊण उंचीपर्यंत भरा, तोंडाला दुहेरी कापड घट्ट बांधा. माशी आत गेली की खेळ संपला, अळ्या पडलेलं आमिष फेकायचंच. बरणी गॅरेजमध्ये ठेवू नका. जुलैत तिथे चाळीस अंश होतात आणि मांस एका रात्रीत सडतं. आमच्याकडे बहुतेक घरांना टोर्नेडोच्या भीतीनं तळघर असतं, ती जागा उत्तम. तळघर नसेल तर झाडाखाली हातभर खड्डा करून बरणी पुरा, वर फळी आणि दगड ठेवा. अठरा-वीस अंशांत तीन ते पाच दिवस लागतात.

'झालं' कधी म्हणायचं ते लिहून सांगणं अवघड आहे, तरी सांगतो. मांसाचा लाल रंग जाऊन राखाडी छटा येते आणि वास आंबटगोड होतो. नाक मुरडावंसं वाटतं, पण मागे सरावंसं वाटत नाही. मागे सरलात तर दोन दिवस उशीर झाला. नवशिके इथेच चुकतात, जितका घाण वास तितकं चांगलं आमिष असं त्यांना वाटतं. सडलेल्या मांसावर गिधाडं येतात, गाडणारे किडे येतात, आणि कायोटी त्यावर लोळून जातो. लोळणारा कायोटी सापळ्यावर पाय कुठे ठेवतो?

आता ही प्रक्रिया आवरायची. त्याला लागतं सोडियम बेंझोएट, जे लोणच्याच्या आणि सरबताच्या बाटलीवर तुम्ही नेहमी वाचता. किलोला सात-आठ ग्रॅम घ्या, थोड्या कोमट पाण्यात विरघळवा आणि मांसात नीट कालवा. एक लक्षात ठेवा : बेंझोएट खरं काम करतं ते आंबट पदार्थात. मांसात त्यानं कुजणं मंदावतं, थांबत नाही. म्हणून बरणी पुढेही थंडच ठेवायची. शेवटी अर्धी वाटी ग्लिसरीन घाला. हिवाळ्यात ते आमिष गोठू नये म्हणून घालतात, उन्हाळ्यात वाळू नये म्हणून. पहिले काही दिवस झाकण सैल ठेवा, वायू धरतो.

मासळीचं तेल

हा एकच पदार्थ असा आहे की ज्याला ऊन हवंच. तळ्यातला कार्प मासा घ्या, स्वस्त आणि तेलकट. डोक्यासकट बारीक तुकडे करून बरणी निम्मी भरा, निम्मीच. कापड बांधा, त्यावर झाकण नुसतं टेकवा, आणि घरापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला कुंपणाच्या खांबावर उन्हात टांगा. तीन-चार आठवड्यांत मासा विरघळतो आणि वर पिवळसर तेल तरंगतं. ते पळीनं अलगद काढा, फडक्यातून गाळा, गडद बाटलीत भरा.

झाकण घट्ट लावू नका. मी लावलं होतं. दुपारी दोनला पिस्तूल झाडल्यासारखा आवाज झाला आणि धावत गेलो तर बरणीचा तळ तेवढा तारेत अडकलेला, बाकी सगळा कार्प कुंपणावर, गवतावर आणि माझ्या पिकअपच्या काचेवर. पाऊस पडेपर्यंत तिकडून कुणी जात नव्हतं.

हिंगाचा ल्यूर

इंडियन किराणात मिळणारा डबीतला हिंग इथे कामाचा नाही. त्यात पीठ आणि डिंक जास्त, हिंग नावापुरता. खडा हिंग शोधा, चिकट, तपकिरी, पिशवीतूनही वास मारणारा. सुपारीएवढा खडा अर्धी वाटी स्पिरिटमध्ये टाका आणि आठवडाभर रोज हलवत राहा. अर्क तपकिरी होतो.

मग पसरट डबीत चार मोठे चमचे पेट्रोलियम जेली घ्या. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीचं मेण मिळालं तर त्याहून चांगलं. त्यात मासळीचं तेल एक चमचा, हिंगाचा अर्क अर्धा चमचा, ग्लिसरीन एक चमचा आणि अ‍ॅनिसच्या तेलाचे दोन थेंब घाला. अ‍ॅनिस म्हणजे बडीशेपेच्या वासाची बी. दोनाचे पाच थेंब केलेत तर सगळा ल्यूर मुखवासासारखा होतो. बीव्हरच्या ग्रंथीचा अर्क असेल तर अर्धा चमचा तोही. काडीनं घोटा, झाकण लावा आणि पंधरा दिवस विसरून जा. ताजा ल्यूर तुकड्यातुकड्यानं वास देतो, मुरलेला एकजीव. लोणच्याचं जे असतं तेच.

लावताना

पहाटे लावा. उन्हात काम केलं की घामाचे थेंब नेमके सापळ्यावर पडतात. त्या दिवशी अंगाला डासांचं मलम, सनस्क्रीन काही नको. आमिषाचे हातमोजे वेगळे, सापळ्याचे वेगळे. लोखंडालाच वास लागला तर कायोटी सापळा उकरून काढतो.

वारा ज्या बाजूनं येतो तिकडे तोंड करून, एखाद्या गवताच्या ठोंबापाशी तीन इंच रुंदीचं तिरकं बीळ खणा. हिवाळ्यात सहा इंच पुरतं, उन्हाळ्यात मी आठ-दहा इंच जातो. खालची माती गार असते, मांस दोन दिवस जास्त टिकतं आणि वरून गिधाडाला दिसत नाही. तळाशी चमचाभर आमिष, वर गवताचा बोळा. बिळाच्या ओठावर, आतल्या बाजूला, वाटाण्याएवढा ल्यूर. मागच्या ठोंबावर कायोटीच्या मुताचे चार थेंब; ते बाटलीत विकत मिळतं. सापळा बिळापासून आठ-नऊ इंचांवर, किंचित बाजूला, मातीखाली पक्का बसवलेला. हलला तर गेलाच.

स्कंकांचा सुळसुळाट असेल तर मांस अजिबात घालू नका. बीळही नको. नुसता ठोंब, मूत आणि ल्यूर. जून-जुलैत पिल्लांच्या आसपास नर-मादी हद्दीबद्दल इतके हळवे असतात की माझ्याकडे या साध्या सापळ्यानंच जास्त काम केलंय.

दुपारी तापलेल्या हवेत वास वर उडून जातो. कायोटी फिरतो रात्री आणि पहाटे, जमिनीलगतची हवा गार-दमट असताना. म्हणून ल्यूर संध्याकाळी ताजा करा, दर दोन-तीन दिवसांनी, पाऊस झाला तर लगेच. आधीच्यावर थापत जाऊ नका, काडीनं जुना खरवडून मग लावा. मुंग्या लागल्या तर जागाच बदला.

सापळे उजाडताना बघायचे, सूर्य वर येण्याआधी. अडतीस अंशांत उघड्यावर अडकून पडलेलं जनावर तडफडतं, आणि ते तसं मरणं कुणाच्याच कामाचं नाही. मी सापळे सावली असेल तिथेच लावतो आणि बंदूक बरोबर नेतो. जे करायचं ते एका गोळीत. शेळ्यांचा राखणदार कुत्रा कुरणात मोकळा असेल तर त्याच्या वाटेवर सापळा नको. त्यालाही हिंग आवडतो, हे मला आमच्याच कुत्र्याच्या सुजलेल्या पंज्यानं शिकवलं.

चार दिवस गेले, पायाचे ठसे बिळापासून हातभर अंतरावर गोल फिरून परत गेलेत, तर वास जास्त झालाय. ल्यूर निम्मा करा. ठसे थेट सापळ्याच्या कडेला थांबलेत तर वास ठीक आहे, लोखंड किंवा तुमचा हात दगा देतोय. सापळा उचला, उकळून घ्या, दहा फुटांवर नव्यानं लावा. आणि ठसेच नसतील तर आमिषाला दोष देऊ नका, तो त्या वाटेनं येतच नाहीये.