आठवड्याच्या ताणाचा आलेख वाचताना या चुका टाळा

मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाला चिंता मोजता येत नाही. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्तप्रवाहातील चढउतार टिपते, त्यावरून हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर काढते आणि हे अंतर किती मिलिसेकंदांनी कमीजास्त होते, यावरून शरीरावरील ताणाचा अंदाज बांधते. या कमीजास्त होण्यालाच हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे एचआरव्ही म्हणतात. शरीर निवांत असताना ती सहसा वाढते आणि ताणाखाली घटते. मात्र तो ताण कर्जाच्या हप्त्याचा, तापाचा की उन्हाचा, हे आकडा सांगत नाही. आठवड्याचा आलेख वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात, आणि खानदेशात त्यांतील सर्वांत मोठी चूक उन्हाळ्यात होते.

उन्हाचा भार मनाच्या खात्यावर टाकणे

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की शरीर थंड राखण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते, घामावाटे पाणी कमी होते, ठोके वाढतात आणि एचआरव्ही घसरते. रावेर-यावल पट्ट्यात सकाळपासून केळीचे घड उतरवून घेणारा शेतकरी दुपारी जेवून पंख्याखाली आडवा झाला, तरी त्याच्या घड्याळातील ताणाचा आकडा लगेच उतरेलच असे नाही. म्हणून फेब्रुवारीचा आठवडा आणि मेचा आठवडा शेजारी ठेवून ‘ताण वाढला’ असे ठरवू नये; उन्हाळ्याचे आठवडे उन्हाळ्याशीच ताडून पाहावेत. आलेखासोबत एका वहीत कमाल तापमान, पाणी पुरेसे प्यायले गेले का, आणि रात्री वीज जाऊन कूलर बंद पडला होता का, एवढे तीन शब्दांत टिपले तरी अर्धा गोंधळ मिटतो. माझ्या मते ही वही कोणत्याही महागड्या ॲपपेक्षा जास्त उपयोगी आहे.

ॲपचा आठवडा आपला आठवडा समजणे

ॲपचा आठवडा रविवारी किंवा सोमवारी सुरू होतो, पण भुसावळच्या लोको पायलटचा किंवा दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात पाळीत काम करणाऱ्याचा आठवडा तसा नसतो. नाइट ड्यूटीनंतर दिवसा घेतलेली झोप काही घड्याळे डुलकी म्हणून नोंदवतात, तर काही नोंदवतच नाहीत. अशांनी एका साप्ताहिक सुटीपासून पुढच्या सुटीपर्यंतचा काळ एक आठवडा धरावा, आणि मुख्य झोप दिवसा असो वा रात्री, त्या झोपेतील आकडेच एकमेकांशी ताडावेत.

सरासरीवर डोळे मिटून विश्वास ठेवणे

समजा, सात रात्रींचे ताणाचे आकडे २२, २४, २५, २६, २७, २९ आणि ५८ आले. शेवटच्या रात्री मळ्यात भरीत-पुरीचा बेत होता आणि जेवण उशिरा, भरपूर झाले होते. या आठवड्याची सरासरी ३० निघते, पण आकडे चढत्या क्रमाने लावून मधला, म्हणजे चौथा, घेतला तर तो २६ येतो, आणि आठवड्याचे खरे चित्र तोच दाखवतो. दारू घेतल्याची रात्रही आलेख असाच बिघडवते.

सरासरी बिघडवणारे दुसरे कारण लक्षात येत नाही, ते म्हणजे घड्याळ चार्जिंगला लावण्याची वेळ. रोज संध्याकाळी, दुकानाचा हिशेब किंवा मुलांचा अभ्यास चालू असताना घड्याळ काढून ठेवले, तर दिवसातील धावपळीचे तासच नोंदीतून गळतात आणि आठवडा उगाच शांत दिसतो. चार्जिंग आंघोळीच्या वेळी करावे. आलेखात रिकामे पट्टे दिसत असतील तर पट्टा सैल आहे का, सेन्सरवर घाम-माती साचली आहे का, आणि फोनचा बॅटरी सेव्हर ॲपला बंद पाडतो का, हे पाहावे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण न रुतणारे असावे. गार्मिनसारखी घड्याळे हालचाल चालू असताना ताणाचा आकडा देत नाहीत. ती रिकामी जागा म्हणजे शून्य ताण नव्हे.

दोन घड्याळांची तुलना करणे

गार्मिनच्या ० ते १०० या मापावर मोठा आकडा म्हणजे जास्त ताण, तर फिटबिटच्या स्ट्रेस मॅनेजमेंट स्कोअरमध्ये मोठा आकडा म्हणजे ताणाची चिन्हे कमी. ॲपल वॉच एचआरव्ही एसडीएनएन पद्धतीने देते, तर ओरा ही अंगठी आणि व्हूप हा पट्टा आरएमएसएसडी पद्धतीने; ही एचआरव्ही काढण्याची दोन वेगळी गणिते आहेत. त्यांचे मिलिसेकंद एकमेकांशी जुळवता येत नाहीत. घड्याळ बदलल्यास पहिले तीन आठवडे फक्त नोंद होऊ द्यावी. वयानुसार एचआरव्ही घटते, त्यामुळे वडिलांनी मुलाच्या आकड्याशी बरोबरी करू नये. अनेक स्त्रियांमध्ये पाळीपूर्वीच्या दिवसांत ती कमी असते, म्हणून मागील चक्रातील त्याच दिवसांशी तुलना करावी. ठोके मंद करणारी बीटा-ब्लॉकर औषधे चालू असतील किंवा ठोके अनियमित असतील, तर हा आकडा आधाराला घेऊ नये.

आलेख बरा म्हणून त्रास दुर्लक्षित करणे

झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कामात मन लागत नाही, आणि तरीही आलेख शांत दिसतो, असे होऊ शकते. तेव्हा आलेखाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा; हा क्रमांक फोनमध्ये आधीच जतन करून ठेवावा. ही शासकीय मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य चालू आहे. डॉक्टरांना दाखवताना ताणाच्या आकड्यापेक्षा विश्रांतीच्या वेळचे ठोके, झोपेचे तास आणि वहीतील नोंदी पुढे ठेवाव्यात.