पॅडच्या खिशातला सेन्सर आणि माझा पहिला कॅम्प

पुण्यात फिजिओथेरपी करून मी इकडे अमेरिकेत एमएसला आले तेव्हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो, एवढंच डोक्यात होतं. असिस्टंटशिप मिळाली ती कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमकडे, आणि काम काय तर सकाळी साडेपाचला जाऊन पोरांना जीपीएसचे डबे (अंगावर लावायचे छोटे सेन्सर) वाटायचे, प्रॅक्टिस झाली की गोळा करायचे, डाउनलोड करायचे, दुपारच्या मीटिंगच्या आत रिपोर्ट. हमाली आहे, आधीच सांगते. पहिले सहा महिने हमालीच असते.

त्या डब्याला युनिट म्हणतात. त्यात जीपीएस असतो, तो पोरगं किती धावलं ते सांगतो, आणि अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, तो त्वरण म्हणजे वेग किती पटकन बदलतो ते मोजतो. मी जिथे तोंडावर आपटले ते मात्र नीट सांगते कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये सीझनआधीच्या सरावाचा कॅम्प सुरू होतो. नियमाने पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, शोल्डर पॅड (खांदे आणि छाती झाकणारं कडक कवच) नंतर. हेल्मेटच्या दिवशी युनिट वेस्टमध्ये, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या बंडीत, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये घट्ट. पॅड आले तेव्हा पोरं म्हणाली वेस्टमध्ये उकडतं, मग मी युनिट पॅडच्या मागच्या खिशात घातले. मला वाटलं एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पण 2014 पासून चिप शोल्डर पॅडमध्येच असते की, मग काय हरकत आहे?

त्या दिवशी लाइनमनचा (अगदी पुढच्या रांगेत समोरच्याला अडवणाऱ्या खेळाडूंचा) लोड, म्हणजे शरीराने किती मेहनत केली त्याचा आकडा, असा काही उडाला की मी धावत स्ट्रेंथ कोचकडे गेले, सर हे थकलेत, उद्या कमी करा. त्यांनी केलं पण.

चूक दाखवली इक्विपमेंट मॅनेजरने. एका लाइनमनचा पॅड हातात धरून त्याने नुसता हलवला, खिशातला डबा आत खडखड वाजला. म्हणाला, हे पॅडला मोजतंय, पोराला नाही.

आता बघा. एनएफएलची ती चिप रेडिओ टॅग आहे, ती जागा सांगते, माणूस मैदानावर कुठे आहे ते. पॅड दोन बोटं हलला तरी जागा तीच. आपला लोडचा आकडा वेगळा, तिथे अ‍ॅक्सेलरोमीटर सेकंदाला 100 वेळा तिन्ही दिशांचं त्वरण घेतो आणि दोन रीडिंगमधला फरक धरत जातो. पॅड छातीवर आपटला, फरक. डबा खिशात उडाला, फरक. सगळं बेरजेत. आणि लाइनमनवर हे सगळ्यात जास्त शेकतं, कारण तो पाच-सहा सेकंदांच्या प्लेमध्ये (एका डावात) दोन-तीन यार्डात समोरच्याला ढकलत असतो, जीपीएसच्या अंतरात त्याची मेहनत दिसतच नाही, म्हणून आपण लोडकडेच बघतो, आणि नेमका तोच आकडा खोटा.

तेव्हा पॅड असो नसो, युनिट कायम वेस्टमध्ये, उकडलं तर उकडू दे. पोरं कुरकुर करतील, कपाळावर आठ्या घालतील, ऐकू नका. शंका असेल तर एकाच पोराला एक युनिट वेस्टमध्ये आणि एक पॅडमध्ये लावून एक प्रॅक्टिस काढा, डोळे उघडतील. आणि ज्याचं युनिट त्यालाच रोज, अदलाबदल नको.

बाकी थोडक्यात. इनडोअर हॉलमध्ये जीपीएस मरतो, त्या दिवसाचं अंतर रिपोर्टमध्ये टाकूच नका. मिनिटाला किती मीटर हा सरासरी आकडा या खेळात जवळपास निरुपयोगी, अर्धा वेळ पोरं हडलमध्ये (पुढचा डाव ठरवायला केलेल्या घोळक्यात) नाहीतर साइडलाइनला उभी असतात. 7 दिवसांचा लोड भागिले 28 दिवसांचा, आणि त्यावरून म्हणे इंजुरी सांगायची, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालवू नका, त्यापेक्षा आर ही आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा शिका आणि युनिटमधल्या आकड्यांची कच्ची सीएसव्ही फाइल स्वतः उघडून बघा. प्रोफेसर चांगले असतात हो, पण माझा गुरू तो पॅडवाला इक्विपमेंट मॅनेजर.

माझी असिस्टंटशिप गेली नाही, एवढं घाबरू नका. मी त्या स्ट्रेंथ कोचना जाऊन सांगितलं की आकडा माझ्यामुळे चुकला, ते मिनिटभर काही बोलले नाहीत. आता रिपोर्ट दिला की मान वर न करता विचारतात, वेस्ट का पॅड?